सावकारातला साव

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे : आमच्या चुलत्यांनी गावातल्या दोघातिघांना शेकडा तीन रुपयांनी पैसे दिले आहेत. आता लोक त्यांना 'सावकार' म्हणू लागलेत आणि चुलते त्यावर चिडतात. एकानं सांगितलं की सावज धरतो तो सावकार, शब्द तिथूनच आला. हे खरं का? 'पठाणी व्याज' म्हणजे नेमकं किती टक्के? आणि सावकार ही शिवी कधीपासून झाली?

मी भाषेचा अभ्यासक नाही, वकील आहे. सत्तावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांपुढे कर्ज, गहाण आणि खरेदीखतांची कामं करतोय. जुनी खतं वाचता वाचता शब्दांचा नाद लागला. म्हणून आधी शब्द सांगतो, मग कायदा, आणि चुलत्यांकडे शेवटी येतो.

सावजाची गोष्ट खोटी आहे. ऐकायला झकास वाटते, पण सावज आला तो 'श्वापद' या शब्दावरून. सावकाराशी त्याचं काही नातं नाही. सावकारातला 'साव' आला 'साधु' वरून. संस्कृतातला 'ध' प्राकृतात 'ह' झाला, जसं वधूची वहू झाली, तसं साधुचं साहु झालं. पुढे मराठीत तो 'ह' ही गळला आणि राहिलं साव. हिंदीनं तो 'ह' धरून ठेवला, म्हणून त्यांच्याकडे साहूकार.

हा साव मराठीत अजून जिवंत आहे. कोण चोर आणि कोण साव, असं आपण रोज म्हणतो. लबाड माणूस सावपणाचा आव आणतो. म्हणजे साव म्हणजे सचोटीचा, ज्याच्या शब्दावर विसंबता येतं असा माणूस. सत्यनारायणाच्या पोथीतला साधुवाणी आठवा. लहानपणी मला वाटायचं, हा कसला साधू, नावा भरून माल नेतो, बायको-मुलगी आहे, आणि वर नवस बोलून विसरतो! पोथीत ते नावासारखं येतं, पण संस्कृतात 'साधु' चा एक अर्थच मुळी व्यापारी, पैशाची देवघेव करणारा, असा आहे. गुजरातेतले अनेक शहा, उत्तरेतले साहू आणि साव, बंगालातले साहा ही आडनावं याच घरातली. शाहू महाराजांचं नावही औरंगजेबानं 'हा साव' म्हणून ठेवलं अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तसं सांगावंसं वाटण्याइतका तो शब्द मानाचा होता, एवढं त्यातून कळतं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र पेढीवरचा आहे. जुन्या हुंड्यांमध्ये, म्हणजे पैसे चुकते करायच्या व्यापारी चिठ्ठ्यांमध्ये, 'शाहजोग हुंडी' हा एक प्रकार होता. ही हुंडी कुणीही उठून वटवायला आणली तर तिचे पैसे मिळत नसत. आणणारा माणूस 'शाह' हवा, म्हणजे बाजारात पत असलेला, उद्या काही घोटाळा निघाला तर धरता येईल असा. इथे शाह म्हणजे राजा नव्हे, तो आपला सावच. पत हा त्या धंद्याचा कणा होता आणि सावकार म्हणजे पतवाला. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी पहिल्या बाजीरावाला कर्ज देत आणि बाजीराव त्यांच्या तगाद्यानं हैराण होई, पण त्यात कुणाला काही लाजिरवाणं वाटत नव्हतं.

'कार' बद्दल जरा माझा तर्क. सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार, चर्मकाराचा चांभार. या सगळ्यांत मधला 'क' गळला. सावकारात तो शाबूत आहे. 'साधुकार' असा अख्खा शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजत आला असता तर आज आपण 'सावार' असं काहीतरी म्हणत असतो. म्हणजे आधी साव घडला असावा आणि मग त्याला कार जोडला गेला असावा. काश्तकार, पेशकार अशा फारसी शब्दांची हवाही त्याला लागली असेल.

आता गंमत बघा. देणारा 'साव' आणि तो जे घेतो ते 'व्याज'. व्याज या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कपट, बहाणा, निमित्त. शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकलो तो आठवा : स्तुतीच्या मिषानं निंदा. 'निर्व्याज प्रेम' म्हणजे बिनव्याजी प्रेम नव्हे, निष्कपट प्रेम. (एका लग्नपत्रिकेत मी 'निर्व्याज आणि बिनशर्त' असं वाचलं होतं. नवरदेव बँकेत होता.) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'व्याजी' म्हणून एक वरचढ वसुली येते, नाणं पाडताना शेकडा पाच. मुद्दलावर काहीतरी निमित्त काढून घेतलेली जास्तीची रक्कम, ही कल्पना तिथेच दिसते. तेव्हा आपल्या पूर्वजांनी माणसाला सचोटीचं नाव दिलं आणि त्याच्या कमाईला कपटाचं.

पिळवणूक करणाऱ्या कर्जाला खास शब्द संस्कृतात होता, 'कुसीद'. तो घेणारा कुसीदिक. दुसरा शब्द वार्धुषिक. पाणिनीनं तर अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात यासाठी दोन लागोपाठची सूत्रं खर्ची घातली आहेत. 'प्रयच्छति गर्ह्यम्', म्हणजे निंद्य रीतीनं जो देतो तो, आणि पुढचं सूत्र सांगतं की कुसीद आणि 'दशैकादश' या शब्दांना त्या अर्थाचा प्रत्यय लागतो. दहा देऊन अकरा घेणारा तो दशैकादशिक. 'दहा टक्केवाला' हा शब्द आमच्या बाजारपेठेतला नवा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. आणि निंदा व्याकरणाच्या नियमातच बसवलेली आहे, ती कुणी नंतर चिकटवलेली नाही. मनुस्मृती वार्धुषिकाच्या घरचं अन्न विष्ठेसमान मानते. पण तीच स्मृती दरही बांधून देते : वसिष्ठानं सांगितलेला दर दरमहा ऐंशीवा भाग. शेकडा सव्वा, म्हणजे साल १५ टक्के. कौटिल्यही धर्म्य व्याज म्हणून हाच सव्वा सांगतो, व्यवहारात चालणारं म्हणून पाच, रानावनातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. हे सगळे दर महिन्याचे.

महिन्याचे, हे ध्यानात ठेवा. कारण आजही गल्लीत 'पाच टक्क्यानं घेतले' म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ. बँकेतला माणूस वर्षाचा दर सांगतो आणि गल्लीतला महिन्याचा, त्यामुळे 'बँक बारा घेते, मी तर पाचच घेतो' हे वाक्य मी साक्षीपुराव्यात अक्षरशः ऐकलंय. ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, मान डोलावतो. एक लाखाला पाचच्या दरानं महिन्याला ५,००० होतात आणि वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज भरून होतं, मुद्दल मात्र जिथल्या तिथे. दहाचा दर असेल आणि पहिला हप्ता आधीच कापून ९०,००० हातावर ठेवले असतील, तर खरा दर अकराच्या वर जातो. तो कुणी मोजत नाही.

या धावत्या व्याजाला लगाम होता तो दामदुप्पटीचा. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. म्हणजे किती का वर्षं होईनात, मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीच्या पुढे मागणी नाही. मनुस्मृतीत हा नियम आहे आणि मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंना तो लावला. हा ऋणकोच्या बाजूचा शब्द. आणि आता कुठे दिसतो? 'अमुक वर्षांत दामदुप्पट' अशा ठेवींच्या फलकांवर. जो शब्द धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, अडवायला होता त्याचं आमिष झालं. अशा एका गुंतवणूक योजनेत बुडालेले लोक माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्यातल्या एकालाही या शब्दाचा जुना अर्थ ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी काय झालं असतं म्हणा.

मग साव असलेला सावकार शिवी कधी झाला? याला एक तारीख देता येत नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडे येणं होतं, आणि त्यांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली ही कथा आपण सगळे जाणतो. ती कथा सांगणाऱ्यांना खत ही गळ्यातली धोंड वाटत होती हे उघड आहे. म्हणजे कुरकूर जुनीच. पण शब्दाची बाजू खरी पालटली ती माझ्या मते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्याला कारण सावकारापेक्षा कोर्ट जास्त. माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतोय, तेव्हा पक्षपात केला असं म्हणू नका.

पूर्वी गावच्या सावकाराला वसुलीसाठी तगादा करायचा, दारात धरणं धरायचं, नाहीतर पाटलापुढे जायचं. जमीन काढून घेणं सोपं नव्हतं आणि घेऊन ती कसणार कोण हाही सवाल होताच. कुळ मोडलं तर सावकारही मोडायचा. मग दिवाणी कोर्टं आली, स्टॅम्प आला, लेखी खताला सगळ्यांत मोठा मान आला. १८५५ च्या कायद्यानं व्याजदरावरची सरकारी बंधनं काढून टाकली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, की जुनी भुतं उकरली जाऊ नयेत. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार खत फिरवून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागलं. तीन-चार वेळा खत फिरलं की दामदुप्पट कुठली न्‌ काय, प्रत्येक खत कागदावर नवंकोरं. अंगठा लावणाऱ्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, आणि कोर्टात तो गैरहजर राहिला की एकतर्फी हुकूमनामा.

त्यातच अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनीही घेतलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, पुढे फेरपाहणीत शेतसारा वाढला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकारानं तिथल्या देशमुखांवर मिळवलेला हुकूमनामा बजावला, तेव्हा गावानं त्याच्यावर बहिष्कार टाकला. शेतात राबायला कुणी जाईना, पाणी कुणी भरेना, न्हावी दाढी करीना. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. इंग्रजांनी याला 'डेक्कन रायट्स' म्हटलं, आपण दख्खनचे दंगे म्हणतो.

त्या दंग्यांत एक गोष्ट वकील म्हणून मला फार बोलकी वाटते. जमावानं मागितलं काय? पैसा नाही, धान्य नाही, जीव तर बहुतेक ठिकाणी नाहीच. त्यांनी मागितली खतं आणि रोखे, आणि मिळाले तिथे पेटवले. ज्यांनी कागद निमूट दिले त्यांना फारसा धक्का लागला नाही. निरक्षर माणसांना आपला शत्रू कोण हे बरोबर कळलं होतं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं की शेतकऱ्याच्या बाबतीत खतावर काय लिहिलंय तेवढ्यावर थांबू नका, त्याच्या मागे जा, पहिल्यापासून हिशेब काढा. कर्जापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही त्यानं थांबवलं. मला वाटतं, सावकार शब्दातला साव गेला तो याच पंचवीस-तीस वर्षांत. त्यानंतरच्या मराठी लिखाणात सावकार आला की त्याच्यामागे पाश, जाच, विळखा यांपैकी एक शब्द ठरलेला.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगायला हवं. शेजारी कानडी आणि तेलुगू मुलखात याच शब्दाची भावंडं अजून 'श्रीमंत, वजनदार असामी' या अर्थानं चालतात. गोव्यात आणि तळकोकणात जुन्या घराण्यांना 'सावकार' म्हणून हाक मारतात ती आदरानं. माझे एक म्हापशाचे स्नेही आहेत, त्यांना इकडे आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये कुणी 'या सावकार' म्हटलं की खूश होतात. इकडची चार माणसं मात्र वळून बघतात.

आता पठाणी व्याज. याचा ठरीव आकडा नाही. मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरहद्दीकडून आलेले पठाण, काबुली, गिरणी कामगारांना पैसे देत. तारण काही नाही, खत नाही, साक्षीदार नाही. कामगाराकडे जमीन नव्हतीच गहाण ठेवायला, त्यामुळे तारण म्हणजे खुद्द कामगार. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गिरणीच्या दरवाजाशी उभा. दर साधारण 'रुपयाला महिना एक आणा' असा बोलला जाई. सोळा आण्यांचा रुपया, तेव्हा महिना सव्वासहा टक्के, साल ७५. दोन आणे असेल तर १५०. कामगारांच्या स्थितीवर नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात या लोकांची दखल घेतली आणि वसुलीसाठी कामाच्या जागेला असा वेढा घालणं हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. तेव्हा 'पठाणी' हा शब्द दरापेक्षा वसुलीचं वर्णन करतो. कोर्टाची पायरी न चढता, दंडुक्याच्या जोरावर वसूल होणारं ते पठाणी व्याज.

मी स्वतः हा शब्द अर्जात लिहीत नाही. एक तर पठाण मुंबईतून जाऊन जमाना झाला आणि आता दंडुका आपल्याच पोरांच्या हातात आहे. दुसरं, एखाद्या जमातीच्या नावावर पाप ढकललं की बाकीचे मोकळे होतात. दख्खनच्या दंग्यांत मारवाडी आणि गुजर हे शब्द असेच वापरले गेले, आणि आजही 'मारवाडी' म्हणजे व्याजवाला असं सर्रास बोललं जातं. माझ्या सत्तावीस वर्षांतले सामनेवाले मोजले तर त्यात सगळ्या जातींचे लोक निघतील : दूधवाले, निवृत्त शिक्षक, एक कीर्तनकार, आणि चार प्रकरणांत तर ऋणकोचा सख्खा मेहुणा.

पिळवणुकीचे सगळेच प्रकार पैशात मोजता येत नाहीत. स्मृतींनी व्याजाचे प्रकार सांगितलेत त्यात चक्रवाढ आहे तशी 'कायिका' ही आहे, म्हणजे अंगमेहनतीनं फेडायचं व्याज. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात वारली मुलाला लग्नासाठी कर्ज मिळे आणि त्याबदल्यात तो आणि त्याची बायको सावकार-जमीनदाराकडे राबत, कर्ज फिटेपर्यंत. ते फिटायचंच नाही. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेनं वारल्यांचा लढा उभा केला तेव्हा वेठबिगारीबरोबर ही लग्नगडीची चालही मोडीत काढली. लग्न आणि गडी हे दोन साधे शब्द एकत्र येऊन गुलामगिरीला नाव देतात, असा दुसरा शब्द मराठीत मला माहीत नाही.

कायद्याकडे येऊ. आज लागू आहे तो महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. त्याआधी १९४६ चा मुंबई सावकारांचा कायदा होता. मध्ये १९७५-७६ साली कर्जमुक्तीचा कायदा येऊन लहान शेतकरी, मजूर, कामगार यांची खासगी कर्जं रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये तो कायदा उचलून धरला. पण आपला विषय शब्दाचा. २०१४ च्या कायद्यात 'सावकार' हा वाईट शब्द नाही. परवाना घेऊन कर्ज देण्याचा धंदा करणारा तो सावकार, बस. त्याला सरकारनं दर बांधून दिलेत : शेतकऱ्याला तारणावर साल ९ टक्के, विनातारण १२. इतरांना तारणावर १५, विनातारण १८. चक्रवाढ नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, म्हणजे दामदुप्पट आता धर्मशास्त्रातून उतरून सगळ्या जातिधर्मांच्या ऋणकोंसाठी कायद्यात बसली आहे. परवान्याशिवाय धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वसुलीसाठी घराभोवती घिरट्या घालणं, धमकावणं हा वेगळा गुन्हा.

तमिळनाडूनं २००३ मध्ये केलेला कायदा मला याहून रंगतदार वाटतो. त्यांनी बाजारातले शब्दच कायद्यात घेतले : कंदुवट्टी, मीटर वट्टी (वट्टी म्हणजे व्याज), तंडल, तासावर मोजायचं व्याज, आणि प्रत्येकाची व्याख्या दिली. आपला कायदा मात्र 'अवैध सावकारी' या एकाच कागदी शब्दावर भागवतो, आणि हा शब्द ऋणकोच्या तोंडी कधीच नसतो. तो म्हणतो, 'साहेब, मी त्याचं देणं लागतो.' पिळला गेलेला माणूसही स्वतःला देणेकरीच समजतो. निम्मी प्रकरणं इथेच मरतात.

बाकीची मरतात खरेदीखतावर. पैसे हवेत ना, मग नुसतं गहाण नको, खरेदी दे. पैसे परत केलेस की उलटखरेदी करून देतो. जुनी माणसं याला मुदतखरेदी म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये १९२९ पासून एक अट आहे : परत द्यायची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच ते सशर्त विक्रीचं गहाण मानायचं. ही अट सावकारांच्या दस्तलेखकांना वकिलांपेक्षा चांगली पाठ आहे. म्हणून शर्त वेगळ्या स्टॅम्पवर लिहितात, नाहीतर नुसती तोंडी. दिवाणी कोर्टात मग ती विक्रीच ठरण्याचा धोका राहतो.

२०१४ च्या कायद्यातलं कलम १८ इथे कामाला येतं. अवैध सावकारीच्या ओघात गेलेली स्थावर मिळकत, व्यवहाराला पंधरा वर्षं उलटायच्या आत अर्ज केला, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देववू शकतात. एका विधवा बाईंचं दोन एकराचं प्रकरण मी चालवलं. नवऱ्यानं दीड लाख घेतले होते, खरेदीखत पक्कं नोंदवलेलं, फेरफारही झालेला. आमच्याकडे कागद म्हणून काहीच नव्हतं. मग आम्ही सामनेवाल्याच्या नावावरचे सगळे उतारे काढले. दीड वर्षात त्यानं अशा नऊ जमिनी घेतलेल्या, सगळ्या सरकारी मूल्याच्या निम्म्याहून कमी दरानं, आणि एकाही शेतात तो कधी नांगर घेऊन गेला नव्हता. पीकपाहणीला जुन्या मालकांचीच नावं. शिवाय नवऱ्याच्या खात्यातून दरमहा एकाच तारखेला एकच रक्कम त्याला गेलेली. जमीन विकून टाकलेला माणूस घेणाऱ्याला दरमहा पैसे कशाला देईल? जमीन परत मिळाली, अपील धरून चार वर्षांनी. १८७९ चा 'खताच्या मागे जा' हा नियम नव्या वेषात आला आहे, दुसरं काही नाही.

आणि एक. बचतगटाच्या नावानं दर आठवड्याला हप्ता न्यायला येणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या माणसालाही बाया सावकारच म्हणतात. भाषेच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर असेल, कायद्याच्या दृष्टीनं नाही. कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असेल तर तिला राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे तक्रार रिझर्व्ह बँकेकडे करायची, उपनिबंधकांकडे नव्हे. उलट मोबाइलवरच्या अनेक कर्ज अ‍ॅपमागे अशी नोंदलेली संस्थाच नसते. आधी ते तपासा.

आता तुमचे चुलते. अडीनडीला एखाद्याला पैसे दिले तर त्याला मराठीत छान शब्द आहे, हातउसने. एखादं हातउसनं म्हणजे सावकारी नव्हे. त्यासाठी परवाना लागत नाही, कारण कायदा धंदा बघतो, सातत्य बघतो. पण दोघातिघांना, ठरलेल्या दरानं, आणि दर शेकडा तीन, म्हणजे साल ३६, हे हातउसन्याच्या हद्दीबाहेर चाललंय. परवाना असता तरी एवढा दर घेता आला नसता. गावानं त्यांना सावकार म्हटलं यात खरं तर गावानं त्यांना परवाना असल्याचा मान दिला आहे. चिडायचं असेल तर त्यांनी वहीवर चिडावं. आजवर आलेलं व्याज मुद्दलातून वजा करून हिशेब मिटवावा, कुणाकडून कोरे चेक किंवा सह्या केलेले कोरे स्टॅम्प घेतले असतील तर ते आजच्या आज परत करावेत, आणि पुढे द्यायचेच असतील तर तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयातून परवान्याचा अर्ज आणावा. त्या अर्जावर त्यांना स्वतःच्या हातानं 'सावकार' लिहावं लागेल.